चपराळ्याचा पूर कोण राखणार?

वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की नदीचं नाव प्राणहिता होतं. या संगमाच्या परिसरातच गडचिरोलीचं चपराळा अभयारण्य आहे. 1982 मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि 1986 मध्ये इथल्या सुमारे 135 चौरस किलोमीटर जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. फोनवरच्या नकाशात तो हिरवा तुकडा तुम्हालाही सापडेल. मला त्यात नदीचा काठ जास्त महत्त्वाचा वाटतो.

पावसाळ्यात नदी काठावर चढते, गाळ टाकते. पाणी उतरलं की गवत उगवतं, डबक्यांत मासोळ्या वाढतात, उन्हाळ्यात रेती उघडी पडते. वनखातं जाळरेषा काढतं, पाणवठे भरतं, शिकार रोखतं. पण हे चक्र चालवणारा पूर त्याच्या ताब्यात नाही.

तो धरणांच्या ताब्यात आहे. वैनगंगेवर गोसीखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये झाली, म्हणजे अभयारण्यानंतर दोनच वर्षांनी. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातला पाऊस आणि धरणांतून सोडलेलं पाणी एकत्र आलं आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावं बुडाली. अशा पाण्याला हंगाम नसतो, फक्त दरवाजे असतात.

दुसरा धोका प्राणहितेवरच होता. 2008 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने प्राणहिता-चेवेल्ला प्रकल्प सुरू केला. तुम्मिडीहट्टीच्या बंधाऱ्यात 152 मीटरपर्यंत पाणी अडवायचं ठरलं होतं. महाराष्ट्राची जमीन बुडणार म्हणून आपल्याकडून विरोध झाला. चपराळ्याचा मुद्दाही त्यात होता. ऑगस्ट 2016 च्या करारात आकडा 148 वर आला. तोवर तेलंगणाने मुख्य उपसा खाली गोदावरीवर, मेडीगड्ड्याला नेला होता. 2019 मध्ये तो बंधारा सुरू झाला आणि सिरोंच्याच्या शेतकऱ्यांनी शेतात पाणी शिरल्याची तक्रार केली. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांबच खचले.

या इतिहासात मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. चपराळ्याचं भवितव्य चार मीटरच्या फरकावर ठरत होतं, आणि तो फरक दोन सरकारांच्या बैठकीत ठरला. म्हणून अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात वाघ-अस्वलांइतकंच पाण्याचं वेळापत्रक हवं: वरून केव्हा, किती आणि कुणाला आधी कळवून सोडायचं. त्या बैठकीत वनखात्यासोबत काठचे मासेमार आणि शेतकरीही बसायला हवेत.