लखनौ : बागांच्या शहरात बाग कोणाची?

उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ हे बागांचे शहर म्हणून ओळखले जाते. चारबाग, आलमबाग, कैसरबाग, सिकंदरबाग, बनारसी बाग ही तेथील ठिकाणांची नावेच त्याची साक्ष देतात. मात्र यांपैकी बऱ्याच ठिकाणी आज बाग उरलेली नाही. चारबाग म्हटले की प्रवाशाला रेल्वे स्थानक आठवते आणि आलमबाग ही गजबजलेली वस्ती आहे. दुसरीकडे, गेल्या दोन दशकांत या शहराने देशातील काही सर्वांत मोठी उद्याने उभारली. दाटीवाटीच्या शहरात मोकळ्या जागेवर कोणाचा किती हक्क, हा प्रश्न त्यामुळे लखनौमध्ये जितका ठळकपणे दिसतो, तितका फार थोड्या शहरांत दिसत असेल.

नवाबी काळातील बागा सार्वजनिक नव्हत्या. शेवटचे नवाब वाजिद अली शाह यांनी १८४८ ते १८५० या काळात उभारलेला कैसरबाग हा राजवाड्याचाच भाग होता. १८५७ च्या उठावात याच बागांच्या तटबंदीमागून लढाया झाल्या. सिकंदरबागेतील संहार इतिहासात नोंदला गेला आहे. उठाव मोडून काढल्यानंतर इंग्रजांनी शहराचा मोठा भाग पाडून रुंद रस्ते काढले आणि मोकळ्या जागांना आपल्या अधिकाऱ्यांची व राजघराण्याची नावे दिली. बनारसी बागेच्या परिसरात १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावाने प्राणिसंग्रहालय सुरू झाले. सिकंदरबागेलगत आज राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१६ मध्ये लखनौच्या नगररचनेवर अहवाल सादर केला होता. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले हेच ते गेडीस. सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. जुन्या वस्त्या शक्य तितक्या राखून, त्यांच्या आतच लहान चौक आणि झाडांच्या जागा मोकळ्या कराव्यात, असे ते सांगत. त्यांच्या विचाराचे कौतुक पुष्कळ झाले, अनुकरण मात्र कमी.

सभांची मैदाने

सार्वजनिक बागेचा उपयोग केवळ फिरण्यासाठी नसतो, हे लखनौच्या इतिहासातून स्पष्ट होते. अमीनाबादच्या भरवस्तीतील अमीनुद्दौला पार्क आजही झंडेवाला पार्क या नावाने ओळखला जातो. स्वातंत्र्यलढ्यात येथे तिरंगा फडकावला जात असे आणि १९३५ मध्ये येथेच ध्वज फडकावताना गुलाबसिंह लोधी यांना हौतात्म्य आले. हजरतगंजजवळच्या व्हिक्टोरिया पार्कला १५ ऑगस्ट १९६२ रोजी बेगम हजरत महल यांचे नाव देण्यात आले. या उद्यानात दसऱ्याचे कार्यक्रम, मेळावे आणि राजकीय सभा होत असत. कालांतराने वाहतूक व सुरक्षेच्या कारणास्तव मध्यवर्ती भागातील आंदोलनांवर निर्बंध आले आणि निदर्शकांना इको गार्डनची जागा नेमून देण्यात आली. सत्तेच्या केंद्रापासून दूर बसून केलेले धरणे कितपत ऐकू जाते, ही शंका आंदोलक वेळोवेळी व्यक्त करतात. मुंबईकरांनी आझाद मैदानाच्या संदर्भात हा वाद अनुभवलेला आहे.

दगडाचे उद्यान

लखनौतील उद्यानांवर सर्वाधिक चर्चा झाली ती मायावती यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. गोमतीनगर येथे डॉ. भीमराव आंबेडकर सामाजिक परिवर्तन स्थळ २००८ मध्ये खुले झाले. राजस्थानातून आणलेल्या गुलाबी वालुकाश्मात घडविलेल्या या विस्तीर्ण परिसरात बाबासाहेबांबरोबरच महात्मा जोतिबा फुले, राजर्षी शाहू महाराज, नारायण गुरू, बिरसा मुंडा आणि कांशीराम यांचे पुतळे आहेत. मराठी मुलखातील तीन समाजसुधारकांना उत्तरेत एकाच ठिकाणी इतक्या भव्य स्वरूपात क्वचितच स्थान मिळाले असेल.

या प्रकल्पांवरील खर्चाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये बांधकाम थांबवावे लागले. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी निवडणूक आयोगाच्या आदेशावरून हत्तींचे पुतळे झाकण्यात आले. टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की, उद्यान म्हणावे तर सावली कमी आणि दगड जास्त. मे-जूनच्या उन्हात तेथे थांबणे अवघड. हा आक्षेप खरा आहे, पण तो अपुराही आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर आणि देवळात मज्जाव होता, त्या समाजातील कुटुंबे १४ एप्रिलला येथे मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यासाठी या जागेचे मोल सावलीच्या हिशेबात मावणारे नाही.

या संदर्भात राज्यघटनेचे १५ वे कलम महत्त्वाचे ठरते. पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक वापराच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला अडविता येणार नाही, असे या कलमाचा दुसरा खंड सांगतो. या शब्दांमागील इतिहास महाराष्ट्राला परिचित आहे. सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा १९२३ चा मुंबई विधिमंडळातील ठराव आणि २० मार्च १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह यांचा विषय हाच होता.

तिकीट आणि अंतर

जातीच्या आधारे प्रवेश नाकारणे बेकायदेशीर आहे. पैसा आणि अंतर यांबाबत मात्र कायदा फारसे बोलत नाही. लखनौ विकास प्राधिकरणाच्या मोठ्या उद्यानांत प्रवेशासाठी तिकीट आकारले जाते. रक्कम लहान असली तरी पाच-सहा जणांच्या मजूर कुटुंबाला जाण्या-येण्याचे भाडे धरून ती लहान राहत नाही. गोमतीनगर विस्तारातील जनेश्वर मिश्र पार्क ५ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला. त्याचे क्षेत्रफळ ३७६ एकर, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्क मैदानाच्या सुमारे तेरापट. परंतु तो नव्या, तुलनेने सुखवस्तू वसाहतींजवळ आहे. चौक, नक्खास, अमीनाबाद या जुन्या भागांतील गल्ल्यांतून तेथे रोज संध्याकाळी मुलांना घेऊन जाणे कोणाला शक्य होणार? केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. एक प्रचंड उद्यान ही सरासरी सहज उंचावते. घरापासून चालत जाण्याजोगी बाग त्यामुळे मिळतेच असे नाही.

लहान बागांच्या रक्षणासाठी उत्तर प्रदेशात १९७५ पासून उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांचे जतन आणि नियमन करणारा स्वतंत्र कायदा आहे. पूर्वपरवानगीशिवाय उद्यानाचा अन्य कारणासाठी वापर करण्यास तो मनाई करतो. बंगळूर येथील बागेसाठी राखीव भूखंड खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरविला, तेव्हापासून देशभरातील नागरिक त्या निकालाचा आधार घेत आले आहेत. मुंबईत मैदाने व उद्याने खासगी संस्थांना दत्तक देण्याचे महापालिकेचे धोरण जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाले खरे, पण तीव्र विरोधामुळे त्याला स्थगिती द्यावी लागली.

अकबरनगर

या प्रश्नाची सर्वांत कठोर बाजू जून २०२४ मध्ये दिसली. गोमतीला मिळणाऱ्या कुकरैल नाल्याच्या काठावरील अकबरनगर ही वस्ती प्रशासनाने बुलडोझर लावून हटविली. एक हजाराहून अधिक घरे पाडण्यात आली. ही जमीन पूरक्षेत्रात असून रहिवाशांकडे मालकी हक्क नाही, ही भूमिका उच्च न्यायालयात मान्य झाली होती. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारवाई थांबविण्यास नकार दिला, मात्र रहिवाशांना पर्यायी घरे मिळावीत असे सांगितले. रहिवाशांचे म्हणणे होते की, आपण येथे अनेक दशके राहत आहोत आणि घरपट्टी, वीजबिलही भरत आहोत. हरदोई रस्त्यावरील वसंत कुंज येथे प्रधानमंत्री आवास योजनेतील सदनिका त्यांना देऊ करण्यात आल्या. ज्यांची शिवणकामाची, फर्निचरची किंवा अन्य लहान दुकाने वस्तीलगत होती, त्यांच्यासाठी घर मिळाले तरी रोजगार मागेच राहिला.

मोकळ्या झालेल्या जागेवर २० जुलै २०२४ रोजी मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांच्या हस्ते वृक्षारोपण झाले. लक्ष्मणाच्या नावावरून या जागेला सौमित्र वन असे नाव देण्यात आले आहे.