शिवीचे नाव होते का? कृष्णवर्णीयांच्या एन-शब्दाचा वाद आणि आपण

काही दिवसांपूर्वी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दोन मुलांचे भांडण जुंपले. एकाच्या मोबाइलवर अमेरिकन रॅप चालू होते आणि त्या गाण्यातला एक शब्द तो मित्राला हाक मारायला वापरत होता, 'भावा' म्हणावे तसा. मी विचारले, "याचा अर्थ माहीत आहे का?" तो म्हणाला, "माहीत आहे ताई. शिवी आहे. पण काळ्या पोरांनी ती गोऱ्यांकडून हिसकावून घेतली. आपणही आपल्या जातीची शिवी अशीच छातीवर लावली पाहिजे." दुसरा उसळला, "ज्या शब्दाने माझ्या आज्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं, तो मी छातीवर कशाला लावू?"

दोघांचेही म्हणणे वरवरचे नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात हेच भांडण जवळपास शंभर वर्षे चालू आहे. ते नीट न वाचता फक्त गाणी ऐकून आपण निष्कर्ष काढला, तर फसू. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. तिकडे त्याला 'एन-वर्ड' म्हणतात, मी 'एन-शब्द' म्हणेन. तो उच्चारण्याचा हक्क कुणाला, यावर त्या समाजाचा वाद चालू असताना बाहेरच्या माणसाने तो मिरवणे मला योग्य वाटत नाही.

शब्दामागची व्यवस्था

शब्दाचे मूळ निरुपद्रवी आहे. लॅटिनमध्ये 'काळा' या अर्थाचा शब्द, त्यावरून स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधला 'नेग्रो', आणि गुलामांच्या व्यापारातून इंग्रजीत आलेली त्याची रूपे. १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या वसाहतीत पहिले आफ्रिकी लोक विकायला आणले गेले. पुढच्या दोन शतकांत शब्दाचा रंगाशी असलेला संबंध मागे पडला आणि दर्जाशी जोडलेला संबंध पक्का झाला. हा माणूस नव्हे, मालमत्ता आहे, हे एका शब्दात सांगण्याची ती सोय होती.

१८३७ मध्ये होझिया ईस्टन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने वर्णद्वेषावर एक ग्रंथ लिहिला. हा शब्द काळ्यांना हीन ठरवून त्यांच्याबद्दल तिरस्कार पेरण्यासाठी वापरला जातो, हे त्याने स्पष्ट मांडले. गोरी मुले द्वेष कुठे शिकतात, हेही त्याने दाखवले. मूल हट्ट करू लागले की आई या शब्दाचा बागुलबुवा दाखवते. शाळेत खोडी केली की मास्तर 'त्यांच्या' बाकावर बसवण्याची धमकी देतो. शाळेत वेगळे गोणपाट घेऊन बसलेल्या बाबासाहेबांचे वारस आपण. त्या बाकाचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

गुलामी कायद्याने संपली, तरी शब्द राहिला. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांनी सांगितले की या देशात काळ्या माणसाचे पहिले नाव एन-शब्द होते आणि म्हाताऱ्या माणसालाही 'पोरगा' म्हटले जाते. त्याच वर्षी जेम्स बाल्डविन यांनी प्रश्नच उलटा केला. मी तो नाहीच, मी माणूस आहे. पण तुम्हा गोऱ्यांना 'तो' निर्माण करण्याची गरज का पडली, याचे उत्तर तुम्ही शोधा. शिवी देणाऱ्याचा आजार शिवीतून दिसतो, हे बाल्डविन यांचे म्हणणे या साऱ्या वादात मला सर्वात मोलाचे वाटते.

घरातला शब्द

पण हा शब्द फक्त गोऱ्यांच्याच तोंडी होता असे नाही. काळे लोक आपसात तो कधी रागाने, कधी थट्टेने, कधी मायेने वापरत आले. १९२६ मध्ये कार्ल व्हॅन व्हेक्टन या गोऱ्या लेखकाने हार्लेमवरच्या कादंबरीच्या शीर्षकातच तो घातला. काळे लोक हा शब्द आपसात वापरतात, पण गोऱ्याने वापरला तर चिडतात, अशी तळटीपही त्याने दिली आणि स्वतः मात्र मुखपृष्ठावर छापला! डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी या पुस्तकाला झोडपले. कवी लँगस्टन ह्यूज लेखकाच्या बाजूने उभे राहिले. त्याच काळात वॉलेस थर्मन, झोरा नील हर्स्टन ही हार्लेमची तरुण लेखक मंडळी स्वतःच्या गटाला याच शब्दावरून बेतलेल्या खोडसाळ नावाने ओळखत होती. जुनी पिढी प्रतिष्ठेचा विचार करत होती, नव्या पिढीला त्या प्रतिष्ठेचाच कंटाळा आला होता. म्हणजे रॅप जन्मायच्या कितीतरी आधी वादाच्या दोन्ही बाजू तयार होत्या.

१९६४ मध्ये विनोदकार डिक ग्रेगरी यांनी आत्मचरित्राला हेच नाव दिले. अर्पणपत्रिकेत त्यांनी आईला सांगितले की यापुढे हा शब्द कानावर आला तर समज, कुणीतरी माझ्या पुस्तकाची जाहिरात करतोय. शिवीतला विखार काढून घेण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता.

रिचर्ड प्रायर यांची कहाणी तर डोळे उघडणारी आहे. १९७४ च्या त्यांच्या गाजलेल्या विनोदी अल्बमच्या नावात एन-शब्द होता. रंगमंचावर तो शब्द सतत उच्चारून त्याची धार बोथट करता येईल, असे त्यांना वाटत असे. १९७९ मध्ये ते केनियाला गेले. तिथे दुकानदार, अधिकारी, रस्त्यावरचा माणूस, सगळे काळेच. एके दिवशी त्यांच्या लक्षात आले की त्या शब्दात बसणारा एकही माणूस इथे दिसला नाही आणि आपल्याही तोंडून तो शब्द गेला नाही. परतल्यावर त्यांनी तो सोडला आणि तसे जाहीरपणे सांगितले. जिथे मालक नाही, तिथे मालकाने दिलेल्या नावाचे कामच उरत नाही.

बाजार आणि अंत्यविधी

१९८८ मध्ये कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या गटाचा पहिला अल्बम आला. गटाच्या नावातच तो शब्द होता. पोलिसांच्या जाचात वाढलेल्या पोरांनी तो स्वतःची ओळख म्हणून वापरला आणि त्यांचा राग खराखुरा होता. पण राग विकला जातो हे कंपन्यांना लवकर कळले. गाणी गोऱ्या वस्त्यांतल्या मुलांच्या खोल्यांत पोचली आणि आतला शब्द बाहेरच्यांच्या तोंडी पाठ झाला. २०१८ मध्ये अलाबामातल्या एका कार्यक्रमात केंड्रिक लमार यांनी एका गोऱ्या चाहतीला आपल्यासोबत गायला मंचावर बोलावले. तिने गाणे जसेच्या तसे, त्या शब्दासकट म्हटले आणि त्यांनी तिला थांबवले. लोकांनी तिला दोष दिला. पण शब्द विक्रीला ठेवायचा आणि गिऱ्हाइकाने उच्चारायचा नाही, हा पेच त्या एका मुलीचा नव्हता.

२००६ मध्ये मायकेल रिचर्ड्स या गोऱ्या विनोदकाराने लॉस एंजेलिसमध्ये काळ्या प्रेक्षकांवर हा शब्द ओकला आणि वाद पुन्हा पेटला. फेब्रुवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने तो न वापरण्याचा प्रतीकात्मक ठराव केला. जुलै २००७ मध्ये डेट्रॉइटमध्ये एनएएसीपी या जुन्या नागरी हक्क संघटनेने त्याची अंत्ययात्राच काढली. घोडागाडी, शवपेटी, सगळे. याच शहरात १९४४ मध्ये तिने 'जिम क्रो' या वंशभेदी व्यवस्थेची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली होती. जिम क्रोला पुढे कायदे आणि लढ्यांनी खाली खेचले. शब्द मात्र दफनातून उठला. ठरावाने भाषा बदलत नाही.

दोन्ही बाजूंचे ऐकू या

शब्द राखण्याच्या बाजूने टा-नेहिसी कोट्स यांचा युक्तिवाद भक्कम आहे. शब्दाचा अर्थ नात्यावर ठरतो. घरची हाक परक्याने मारायची नसते. आणि सगळे जग आपले मानून वाढलेल्या गोऱ्या माणसाला निदान एक तरी गोष्ट नाकारली जाते, तेव्हा काळे असणे म्हणजे काय याची चुणूक त्याला मिळते. या बाजूचा आणखी एक मुद्दा मला पटतो. बंदीची भाषा बहुधा गरीब पोरांवर चालवली जाते. तुरुंग, पोलीस आणि घरांचा प्रश्न तसाच ठेवून 'आधी तोंड सांभाळा' म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

पण दुसरी बाजू पाहा. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका कृष्णवर्णीय महिलेने आपल्या कृष्णवर्णीय वरिष्ठाविरुद्ध खटला चालवला. तो तिला वारंवार हा शब्द वापरून बोलला होता. आमच्यात हा मायेचाही शब्द आहे, असा त्याचा बचाव होता. ज्युरीने तो मानला नाही आणि एकूण २ लाख ८० हजार डॉलरची भरपाई दिली. 'आपल्यातला' म्हणवणारा वरिष्ठ असतो, पुरुष असतो, पगार त्याच्या हातात असतो. घरातही सत्ता असते, हे स्त्रियांना वेगळे सांगावे लागत नाही.

२०१९ मध्ये मॅडिसन इथल्या शाळेतली गोष्ट उलट टोकाची. एका विद्यार्थ्याने काळ्या सुरक्षारक्षकाला हा शब्द वापरला. 'मला असे म्हणू नकोस' हे सांगताना रक्षकाने शब्द उच्चारला म्हणून त्याचीच नोकरी गेली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा त्याला परत घेतले. संदर्भ न पाहणारा नियम शेवटी पीडितावरच उलटतो.

जिंकलेला शब्द कोणता?

आता माझा मुख्य मुद्दा. 'काळ्यांनी शिवी जिंकली' याचे खरे उदाहरण एन-शब्द नाही, 'ब्लॅक' हा शब्द आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काळ्या माणसाला 'ब्लॅक' म्हणणे त्यांच्यातही अपमानाचे होते; सभ्य शब्द 'नेग्रो' होता. जून १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवूड इथे स्टोकली कार्मायकल यांनी 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा दिली. त्याच वर्षी ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत विद्यार्थ्यांनी ब्लॅक स्टडीज विभागासाठी संप केला. १९७० च्या जनगणनेच्या अर्जावर 'नेग्रो ऑर ब्लॅक' असे छापले गेले. घोषणेपासून सरकारी अर्जापर्यंत अवघी चार वर्षे!

दोन्ही शब्दांतला फरक इथे आहे. 'ब्लॅक' म्हणताना सगळ्यांना, विरोधकांनाही, आदराने म्हणावे लागले. एन-शब्दाभोवती मात्र आजही कुंपण घालावे लागते. शत्रूच्या तोंडून तो आजही तितकाच जखम करतो. मग जिंकला कसा म्हणायचा? 'ब्लॅक'च्या मागे कार्यक्रम होता, संघटना होती, मागण्या होत्या. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या दलित पँथरने प्रेरणा घेतली ती या परंपरेकडून. आणि पँथरने जातीची शिवी उचलली नाही. अन्याय कुणी केला हे सांगणारा 'दलित' हा शब्द उचलला.

ड्यू बॉइस आणि बाबासाहेब

१९२८ मध्ये एका शाळकरी मुलाने ड्यू बॉइस यांना पत्र लिहून विचारले की तुमचे मासिक आम्हाला 'नेग्रो' का म्हणते? त्यांनी उत्तर दिले की नावाला वस्तू समजू नकोस. नाव बदलल्याने तिरस्कार जात नाही. हेच ड्यू बॉइस 'नेग्रो' मोठ्या अक्षराने छापला जावा म्हणून लढत होते. १९३० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते मान्य केले. म्हणजे नावाची किंमत त्यांनाही ठाऊक होती.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, हे आपण जाणतो. नावाच्या बाबतीत बाबासाहेब एक पाऊल पुढे आहेत. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत 'हरिजन' शब्द कायद्यात घालण्याला दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. गोड नावही दुसऱ्याने लादलेले नको! हिंदू धर्म सोडण्याच्या प्रश्नावरील आपल्या निबंधात त्यांनी सांगितले की नाव महत्त्वाचे आहेच, पण व्यवस्थेच्या आत राहून घेतलेले नवे नाव टिकत नाही. लोक त्यामागची जात शोधतातच. म्हणून १९५६ मध्ये त्यांनी शिवी उजळवत बसण्यापेक्षा त्या घराचा उंबरा ओलांडला आणि आपल्याला नवी ओळख दिली.

राहिला कायद्याचा मुद्दा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा जातिवाचक अपमानासाठी शिक्षा सांगतो ती अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तीला. आतला आणि बाहेरचा हा फरक आपला कायदाही मानतो. पण आपले 'आत' एकसंध नाही. अनुसूचित जातींमध्येच एका जातीच्या पोराने दुसऱ्या जातीचे नाव शिवीसारखे उच्चारलेले मी वस्तीत ऐकते. तिथे कलम लागत नाही, जखम मात्र होते. छातीवर शिवी लावण्याआधी हा हिशेब आपल्याला चुकता करावा लागेल.

त्या दोन मुलांना मी कुणाचीच बाजू घेऊन उत्तर दिले नाही. पहिल्याला म्हटले, तुझा राग खरा आहे, तो मोबाइलवर ठेवू नकोस, संघटनेत आण. दुसऱ्याला म्हटले, आज्याची ती गोष्ट लिहून काढ. पुढच्या रविवारी तो चार पाने लिहून घेऊन आला. ती वाचली पहिल्यानेच, सगळ्यांसमोर. आज्याला मारलेली हाक आली तिथे तो थांबला, आणि शब्द न उच्चारता पुढच्या ओळीवर गेला.

जय भीम!