सत्ता आणि राखण

ख्रिस्ती धर्मविचारातील मानवप्रतिष्ठेचा उगम 'उत्पत्ती' या बायबलच्या प्रारंभग्रंथात आहे. देव मनुष्याला आपल्या प्रतिरूपात घडवतो आणि त्याच प्रसंगी मासे, पक्षी व पशू यांवर सत्ता देतो. या सत्तेला मर्यादा कोणती, हा प्रश्न मात्र पुढील शतकांना सोडवावा लागला.

तिची एक मर्यादा चौथ्या शतकात न्यासाचे बिशप ग्रेगरी यांनी दाखवली. न्यासा हे कप्पदोकिया प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील नगर. 'उपदेशक' या ग्रंथातील वक्ता आपल्या वैभवात दासदासींचीही गणना करतो. त्यावर प्रवचन करताना ग्रेगरींनी धन्यालाच जाब विचारला. देवाने सत्ता दिली ती पशूंवर. माणसावर सत्ता देणारे वचन कोठे आहे? ज्याच्या ठायी देवाचे प्रतिरूप आहे त्याचे मोल ठरवणार कोण, आणि कोणत्या नाण्यात? गुलामगिरी गृहीत धरणाऱ्या त्या समाजात अन्य ख्रिस्ती आचार्य दासांशी दयेने वागा, एवढेच बहुधा सांगत. ग्रेगरींनी मालकीचा हक्कच नाकारला. मात्र त्यांच्या युक्तिवादाने चर्चचा व्यवहार बदलला नाही. अमेरिकेतील मूलनिवासी हे खरोखरीच मानव असून त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही, असे पोप तिसरे पॉल यांना १५३७ मध्ये जाहीर करावे लागले. तरीही वसाहतींतील शोषण थांबले नाही.

दुसरी मर्यादा सृष्टीच्या संदर्भातली. मध्ययुगीन तंत्रविद्येचे अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात निसर्गाच्या ऱ्हासाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माच्या मानवकेंद्री दृष्टीत शोधली. त्याच लेखात त्यांनी असीसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत मानावे, असे सुचवले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये फ्रान्सिस यांना तो मान दिला. पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात सत्तेच्या वचनाचा निरंकुश उपभोगासाठी केलेला अर्थ नाकारला. आधार होता 'उत्पत्ती'चाच दुसरा अध्याय : तेथे मनुष्याला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. भूमीचा आक्रोश आणि दरिद्री जनांचा आक्रोश हे वेगळे नाहीत, हेही या परिपत्रकाचे एक प्रमुख प्रतिपादन आहे.

राखण करणारा शेताचा धनी नसतो; त्याला हिशेब द्यावा लागतो. ग्रेगरींनी माणसाच्या बाबतीत नाकारलेली मालकी येथे भूमीच्या बाबतीतही नाकारली गेली. वचन सर्वकाळ तेच होते. त्याच्या आधारे लूट करायची की राखण, हे वाचणाऱ्यांनी ठरवले. म्हणून त्या अर्थाचे उत्तरदायित्वही त्यांचेच ठरते.