मधल्या वाटेवर कोण बसलंय?



फोनवरून बँकेला पाठवलेला निरोप थेट पोचत नाही. टॉवर, तारा, मधली यंत्रं असा तो हातोहात जातो. वाटेत कुणी वाचू नये म्हणून १९९० च्या दशकात नेटस्केप कंपनीने निरोप कुलूपबंद पाठवायची रीत आणली.

पण पलीकडे खरंच बँक आहे, हे कोण सांगणार? त्यासाठी काही कंपन्या ओळखीचा दाखला देतात. त्या दाखल्यावरच आपला फोन विश्वास ठेवतो.

२०११ साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या दाखले देणाऱ्या कंपनीच्या संगणकांत घुसखोरी झाली. गूगलच्या नावाचा खोटा दाखला निघाला आणि इराणमध्ये वापरला गेला. लोकांना वाटे, आपण गूगलशीच बोलतोय. मध्ये बसलेल्याला मात्र त्यांचं टपाल उघडून वाचता येत होतं, पुन्हा बंद करून पुढे धाडता येत होतं. सुमारे ३ लाख इंटरनेट पत्ते या जाळ्यात सापडले.

हे उघडकीला आणलं इराणमधल्याच एका वापरकर्त्याने. ऑगस्टमध्ये क्रोमवर धोक्याची सूचना आली. ती झटकून न टाकता त्या व्यक्तीने चारचौघांत विचारणा केली. महिन्याभरात डिजिनोटारचं दिवाळं निघालं.

म्हणून बायांनो, बँकेचं पान उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं आलं, तर घाईने पुढे जाऊ नका. पासवर्ड टाकू नका. थांबा, आणि गटात विचारा. विचारण्यात कसली आलीय लाज?