गारगोटीला जीपीएस का रुसतं?

गेल्या महिन्यात गारगोटीहून भुदरगडावर गेलो. रेंज गायब, आणि मोबाईलमधला निळा ठिपका काही केल्या येईना. मित्र म्हणाला, "डोंगरात सॅटेलाईट मिळत नाही रे!" अरे, गडावर आकाश तर आमच्या पुण्यातल्या गल्लीपेक्षा मोकळं!

भानगड जुनी आहे. १९७८ साली पहिला जीपीएस उपग्रह सुटला तेव्हापासून हे उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने सांगतात. ती नीट ऐकायला अर्धा मिनिट लागतो. त्याआधी सिग्नल सापडायला हवा. १०२३ तुकड्यांचा कोड नेमका कुठून सुरू होतोय आणि डॉप्लरमुळे फ्रिक्वेन्सी किती सरकलीय, हे एकेक करून चाचपायचं. अंधारात जुडग्यातली एकेक चावी लावून बघावी तसं. १९९१ मध्ये डेल्फ्टच्या व्हॅन नी आणि कूनेन यांनी इथे एफएफटी वापरलं आणि कोडच्या सगळ्या जागा एकदम तपासता आल्या. (हो, आपण परीक्षेपुरतं घोकलेलं तेच एफएफटी.)

पण ५० बिटचं काय? १९९६ मध्ये अमेरिकेत नियम झाला, की आपत्कालीन फोन करणारा कुठे आहे ते कळलंच पाहिजे. मग ती कक्षेची माहिती टॉवरवरूनच फोनला मिळू लागली. पुण्यातली चपळाई ही त्या टॉवरची. वाट चुकते तिथे मात्र नेमका टॉवर नसतो.

आता गारगोटीच्या स्टँडवरच, रेंज असताना, ठिपका आणून ठेवतो. ती माहिती दोनेक तास तरी पुरते.