श्रोता आणि त्याचे यंत्र

नभोवाणीचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो तो बहुधा केंद्रांचा इतिहास असतो. कोणते केंद्र कोणत्या साली उघडले, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, प्रक्षेपकाची शक्ती किती, ही सारी माहिती अहवालांतून मिळते. परंतु बोलणाऱ्याचे बोलणे ऐकणारा असेल तरच पुरे होते. आणि नभोवाणीच्या बाबतीत ऐकणाऱ्याला नुसते कान असून भागत नाही, त्याच्या घरी यंत्रही असावे लागते. या दुसऱ्या यंत्राचा, म्हणजे ग्राहकयंत्राचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो आज सांगावयाचे कारण असे की, हातात मावणारा डिजिटल रेडिओ आता निघाला आहे, आणि तो कसा लावावा, घ्यावा की न घ्यावा, असे प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आहेत. त्यांची उत्तरे नीट द्यावयाची तर सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईच्या केंद्राचे उद्घाटन केले. हे केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचे होते. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा. म्हणजे मुंबई आणि भोवतालचा प्रदेश, एवढाच त्याचा खरा आवाका. सोलापूर मुंबईपासून सुमारे चारशे किलोमीटर. दिवसा तो आवाज इथवर नीट पोहोचणे कठीणच. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून मध्यम लहरी परावर्तित होतात, तेव्हा कोणा हौशी माणसाला तो खरखरीतून निवडून काढता आला असता. हौशीच म्हणावयाचे, कारण छपरावर लांब तार बांधणे, दुसरी तार जमिनीत पुरणे, स्फटिकाच्या संचावर सुई टेकवून योग्य जागा शोधणे आणि कानाला श्रवणयंत्र लावून बसणे, इतका खटाटोप ऐकणाऱ्यालाच करावा लागे. शिवाय सरकारी परवान्याचे वर्षाला दहा रुपये भरावयाचे, ते निराळेच.

कंपनीचे उत्पन्न या परवान्यांतील वाट्यावर आणि परदेशाहून येणाऱ्या संचांवरील आकारावर अवलंबून होते. १९२७ अखेर साऱ्या हिंदुस्थानात परवाने होते ३,५९४. १९२९ अखेर ते ७,७७५ झाले. एवढ्या मोठ्या देशात आठ हजारही नाहीत! १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. १ एप्रिलपासून सरकारने केंद्रे आपल्या हाती घेतली. ऑक्टोबर १९३१ मध्ये तीही बंद करण्याचे ठरविले. लोकांनी ओरड केल्यावर तो निर्णय मागे घेतला. कार्यक्रम वाईट होते म्हणून ही कंपनी बुडाली असे म्हणता येणार नाही. केंद्र उभे राहिले, पण ऐकणाऱ्याच्या हाती यंत्र नव्हते, हे त्या अपयशाचे मूळ आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

त्या १९३० च्या मे महिन्यात आपल्या शहरात काय चालले होते हे सोलापूरकरांना सांगावयास नको. १२ मेपासून लष्करी कायदा लागला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. नभोवाणी सरकारच्या ताब्यात येऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. म्हणजे हे नवे साधन देशात होते, परंतु गिरणगावाला आपले म्हणणे त्यावरून सांगता येत नव्हते, आणि दुसऱ्याचे ऐकावे तर यंत्र नव्हते. बातमी धावली ती वर्तमानपत्रांच्या चिटोऱ्यांतून आणि तोंडातोंडी.

पुढे ऐकणारे वाढले. डिसेंबर १९३२ मध्ये बी.बी.सी.ची साम्राज्यसेवा लघुलहरींवर सुरू झाली आणि दोन वर्षांत येथील परवाने ८,५५७ वरून १६,१७९ वर गेले. ऐकण्याजोगे काही असले की माणूस यंत्र घेतो, याचा हा पुरावा. ८ जून १९३६ रोजी सरकारी खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. दिवाणखान्यात व्हॉल्व्हचे लाकडी पेटीचे संच आले. बटण फिरविल्यावर आत नळ्या तापेपर्यंत थांबावयाचे आणि मग आवाज यावयाचा. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालविला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. परंतु ज्या संचावर सरकारी बातम्या ऐकावयाच्या, त्याच संचाचा काटा थोडा सरकविला की सरकारला नको असलेली बातमीही ऐकू येते, हे त्या अडीच महिन्यांत लोकांना कळले. प्रक्षेपक पोलिसांना शोधून काढता येतो. कोण काय ऐकतो ते ग्राहकयंत्र कोणाला सांगत नाही.

सोलापूरला याचा जवळून प्रत्यय यावा असा प्रसंग १९४८ मध्ये घडला. निजामाच्या राज्याची हद्द आपल्या दाराशी होती आणि हैदराबादला निजाम सरकारचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालील मुख्य फौज सोलापूरच्या बाजूनेच नळदुर्गाकडे निघाली. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धविराम जाहीर केला आणि २३ तारखेला नभोवाणीवरून आपल्या प्रजेपुढे भाषण केले. सरहद्दीवरच्या शहरात ज्याच्या घरी संच होता त्याला दोन्ही बाजूंचे दावे ताडून पाहता आले. ज्याच्याकडे नव्हता, त्याला अफवेवर विसंबणे भाग होते.

स्वराज्यानंतर केंद्रे झपाट्याने वाढली. ८ जानेवारी १९५० ला धारवाड, २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा नांदणाऱ्या आपल्या गावाला पुणे, धारवाड आणि हैदराबाद अशी तीन दिशांची तीन केंद्रे लाभली. एका पेठेत एकीकडे पुण्याची भावगीते आणि पलीकडच्या घरात तेलुगू बातम्या, हे सोलापुरात नवल नाही.

याच काळातील दोन गोष्टी श्रोत्याचे महत्त्व दाखवितात. पहिली १९५६ ची. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावयाचे, मग चर्चा करावयाची, आणि त्यांच्या शंका केंद्राकडे परत जावयाच्या. ऐकणाऱ्याला येथे उलट बोलता आले आणि म्हणूनच तो प्रयोग जगभर नावाजला गेला. दुसरी गोष्ट नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळातील. त्यांना शास्त्रीय संगीताचा प्रसार करावयाचा होता. चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जागा उरली नाही. श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही, त्यांनी फक्त काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

आता यंत्र स्वतःच पालटू लागले होते. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि १९५४ मध्ये चार ट्रान्झिस्टरांचा, खिशात मावणारा पहिला संच तेथे विक्रीस आला. नळ्या तापविण्याची वीज नको, छपरावरची तार नको. रेडिओ दिवाणखान्यातून उठून बैलगाडीवर, पानपट्टीच्या फळीवर आणि मागाच्या शेजारी येऊन बसला. घरातील कर्त्या पुरुषाने लावावे ते साऱ्यांनी ऐकावे, ही रीत तेव्हा मोडली. १९८० नंतरच्या दशकात परवानाही रद्द झाला आणि ऐकणे खऱ्या अर्थाने मोकळे झाले.

या परंपरेतील पुढची पायरी म्हणजे डिजिटल रेडिओ. जुन्या मध्यम लहरींत आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते. वीज कडाडली किंवा मोटार ठिणगली की तीही त्यात मिसळते आणि खरखर ऐकू येते. डिजिटल पद्धतीत आवाजाचे अगोदर आकडे करतात, चूक दुरुस्त करता यावी म्हणून जादा आकडे जोडतात, आणि ते अनेक बारीक लहरींवर वाटून पाठवितात. ग्राहकयंत्र ते आकडे तपासून आवाज पुन्हा घडविते. भारताने यासाठी डी.आर.एम. ही पद्धती निवडली. आकाशवाणीने जानेवारी २००९ मध्ये दिल्लीहून लघुलहरींवर आरंभ केला; पुढे मुंबई, पुणे, हैदराबाद, धारवाड अशा अनेक ठिकाणी मध्यम लहरींचे डी.आर.एम. प्रक्षेपक बसविण्यात आले. एकाच प्रक्षेपकावरून एकाहून अधिक कार्यक्रम आणि पडद्यावर वाचता येणारा मजकूर पाठविण्याची सोय तीत आहे.

असा संच लावताना चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, तो डी.आर.एम.चाच आहे याची खात्री करून घ्यावी. इंग्लंडात १९९५ पासून डी.ए.बी. ही निराळी पद्धती चालते. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफ.एम. बंद करून तीच स्वीकारली. तिकडच्या नातलगाने प्रेमाने आणलेला डी.ए.बी. संच येथे फार तर एफ.एम. ऐकवील. दुसरी, वर ओढावयाची दांडी एफ.एम. आणि लघुलहरींसाठी असते. मध्यम लहरींसाठी पेटीच्या आत फेराइटची आडवी कांडी असते; म्हणून दांडी ओढण्यापेक्षा संचच फिरवून पाहावा. सोलापूरहून पुणे वायव्येला आणि हैदराबाद पूर्वेला, म्हणजे जवळजवळ एका रेषेत, धारवाड नैर्ऋत्येला. पुण्यासाठी साधलेली बैठक हैदराबादलाही बहुधा चालेल, धारवाडसाठी मात्र संच वळवावा लागेल. तिसरी, मोबाइलचा चार्जर, एल.ई.डी. दिवा आणि यंत्रमागाची मोटार यांपासून संच दूर, खिडकीजवळ ठेवावा. चौथी गोष्ट धीराची. केंद्र लावल्यावर काही क्षण काहीच ऐकू येत नाही. यंत्र आकडे जुळवीत असते. मग केंद्राचे नाव पडद्यावर उमटते आणि स्वच्छ आवाज येतो. लहर क्षीण झाली की जुन्या संचासारखी खरखर वाढत नाही, आवाज एकदम तुटतो. तेव्हा संच बिघडला असे समजू नये. जागा बदलून पाहावी.

येथे १९३० ची ती गोष्ट पुन्हा आठवते. प्रक्षेपक उभे राहिले, परंतु हातात धरावयाचे डी.आर.एम. संच बाजारात थोडे आणि सामान्य माणसाला महाग. २०१७ च्या सुमारास काही मोटारगाड्यांत असे संच कारखान्यातूनच बसवून येऊ लागले. म्हणजे ज्याच्याकडे मोटार आहे त्याला नवी नभोवाणी आधी मिळाली. मागावर उभ्या असलेल्याला आणि बांधावर बसलेल्याला नाही. उलट मध्यम लहरींचे अनेक जुने प्रक्षेपक मात्र मागील काही वर्षांत बंद करण्यात आले. जुने गेले आणि नवे हाती आले नाही, तर मधल्या श्रोत्याने काय ऐकावे?

कोणी म्हणेल, मोबाइलवर सारे ऐकू येते, मग रेडिओ हवा कशाला? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली आणि सोलापूरची घरेही हादरली. अशा वेळी वीज जाते, तारा तुटतात, मनोरे बंद पडतात. दूरच्या प्रक्षेपकाचा आवाज मात्र दोन सेलवरच्या पेटीत येऊ शकतो. आपत्तीचा इशारा मिळताच संच आपोआप त्या कार्यक्रमाकडे वळावा, अशी योजनाही डी.आर.एम. पद्धतीत आहे. त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, आणि कोण काय ऐकतो याची नोंद कोठे होत नाही.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीला तीन वर्षांत जे कळले ते आपल्याला नव्याने शिकावयाचे कारण नाही. प्रक्षेपकावर जेवढा खर्च होतो त्याच्या थोड्या अंशाने जरी स्वस्त ग्राहकयंत्र लोकांच्या हाती पडले, तरच तो खर्च सार्थकी लागेल. ही मागणी श्रोत्यांनी करावयाची आहे. १९३१ मध्ये बंद पडणारे केंद्र त्यांनीच ओरड करून वाचविले होते. तेव्हा ते संख्येने आठ हजारांच्या आसपास होते. आज आपण त्याहून पुष्कळ अधिक आहोत.