मिंकचा माग काढणारा तराफा

ब्रिटनमधल्या नद्या-ओढ्यांच्या काठाशी दोरीने बांधलेला एक छोटा तराफा ठिकठिकाणी तरंगताना दिसतो. प्लायवूडच्या दोन फळ्या, त्यांच्यामध्ये थर्माकोल, वर लाकडी बोगदा आणि बोगद्यात ओल्या मातीचं ताट, एवढंच त्याचं स्वरूप. पण नदीकाठचं जीवन वाचवण्याच्या कामाला या तराफ्याने नवी दिशा दिली. त्याची गरज का पडली, हे कळायला फरच्या व्यापारापर्यंत मागं जावं लागतं.

अमेरिकन मिंक हा मूळचा उत्तर अमेरिकेतला, मुंगसाच्या अंगलटीचा, पाण्यात आणि जमिनीवर सारख्याच सफाईने वावरणारा मांसाहारी प्राणी. त्याच्या दाट, मऊ, चमकदार फरला युरोपात मोठी मागणी होती. म्हणून १९२९ मध्ये तो ब्रिटनमध्ये आणला गेला आणि पिंजऱ्यांत त्याची पैदास सुरू झाली. काही मिंक निसटले, काही सोडून दिले गेले. १९५६ मध्ये डेव्हन परगण्यातल्या टीन नदीवर तो मोकळ्यावर पिल्लं घालतो आहे, हे पक्कं झालं. पुढे फरसाठी प्राणी पाळण्याचा धंदा कायद्याने बंद झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही बंदी २००३ पासून लागू झाली. पण तोवर मिंक बहुतेक सगळ्या देशात पसरला होता.

तो एवढा पसरला तरी सुरुवातीला फारसा कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. काठावरून काळपट, लांबट काहीतरी सळसळत गेलं की बघणारा म्हणायचा, पाणमांजर दिसलं! दोघांत फरक मात्र मोठा आहे. पूर्ण वाढलेलं पाणमांजर शेपटीसकट मीटरभर किंवा त्याहून लांब आणि सात-आठ किलोंच्या घरातलं. मिंकचा नर किलोच्या आसपास, मादी त्याहूनही हलकी. पाणमांजराचं तोंड रुंद, गळा फिकट, शेपटी बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती. मिंकचं तोंड टोकदार, अंग जवळजवळ काळं, शेपटी झुबकेदार आणि हनुवटीवर पांढरा ठिपका. पोहताना पाणमांजर अंग पाण्याखाली ठेवतं, मिंकची पाठ मात्र वर तरंगताना दिसते. युरोपच्या मुख्य भूमीवर अजून एक घोटाळा होतो. तिथला मूळचा युरोपीय मिंक दोन्ही ओठांवर पांढरा असतो, अमेरिकन मिंकचा वरचा ओठ सहसा गडदच असतो. हा युरोपीय मिंक आज नष्ट होण्याच्या काठावर आहे, म्हणून ही ओळख तिथे फार जपून पटवावी लागते.

मिंकचा सर्वांत मोठा घाव बसला तो वॉटर व्होलवर. हा नदीकाठच्या मातीत बीळ करणारा, गवत-लव्हाळे खाऊन जगणारा, आखूड कानांचा गुबगुबीत कृंतक प्राणी. शत्रू आला की तो टुपकन पाण्यात उडी घेतो, बुडी मारून तळाचा गाळ ढवळतो आणि त्या गढूळ पडद्याआडून बिळात शिरतो. घुबड, बगळा, कोल्हा यांच्यापासून वाचायला एवढं पुरत असे. मिंकपुढे हे सगळं अपुरं पडलं. मिंक पाण्यातही पाठलाग करतो आणि मादी तर इतकी बारीक असते की ती बिळातही शिरते. पिल्लांना पाजणारी एक मादी नदीच्या एखाद्या पट्ट्यातली वस्तीच्या वस्ती संपवू शकते. काठ बांधून काढणं, गुरांची चराई, शेतीचा रेटा यांनी हा प्राणी आधीच कोंडीत सापडला होता. त्यात मिंकची भर पडली. १९८९-९० आणि १९९६-९८ अशा दोन देशव्यापी पाहण्यांच्या दरम्यान वॉटर व्होलची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर जमिनीवर अंडी घालणाऱ्या सुरय पक्ष्यांच्या वसाहतींचीही अशीच धूळधाण झाली.

मिंक पकडायला हवा, यावर आता एकमत होत गेलं. अडचण होती ती पद्धतीची. काठावर पिंजरे लावायचे आणि वाट बघायची, ही जुनी रीत. प्रत्येक पिंजरा चोवीस तासांत एकदा तरी तपासावाच लागे. मिंक त्या भागात आहे की नाही हेच माहीत नसताना माणसं दिवसचे दिवस फेऱ्या मारत, आणि पिंजऱ्यात भलतेच प्राणी सापडत. काठाने हिंडून विष्ठा आणि ठसे शोधणंही बेभरवशाचं, कारण नदीला पाणी चढलं की सगळं धुऊन जातं.

यावर उपाय शोधला तो हॅम्पशायरमधल्या फोर्डिंगब्रिज इथल्या ‘गेम कॉन्झर्व्हन्सी ट्रस्ट’ या संस्थेतल्या जोनाथन रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मिंकला काठालगतचं प्रत्येक भोक, प्रत्येक पोकळी हुंगून बघायची खोड असते. तिचाच त्यांनी उपयोग केला. तराफ्याच्या मधोमध भोक पाडून त्यात एक टोपली बसवली. टोपलीत फुलं खोचायला वापरतात तसला पाणी शोषणारा फोम आणि त्यावर चिकणमाती व वाळू कालवून केलेला गुळगुळीत थर. खालचं पाणी फोममधून वर चढतं आणि माती आपोआप ओली राहते. वरचा बोगदा तिला पावसापासून वाचवतो. पूर आला तर तराफा पाण्याबरोबर वर उचलला जातो, ठसे शाबूत राहतात. आठवड्या-पंधरवड्याने कुणीतरी येऊन ताट बघायचं: ताऱ्यासारखे फाकलेले पाच बोटांचे छोटे ठसे दिसले की मिंक आला. तेव्हाच, आणि तेवढ्याच दिवसांपुरता, त्या बोगद्यात पिंजरा ठेवायचा. काठावर खुणा शोधण्यापेक्षा हा तराफा मिंकचा पत्ता कितीतरी खात्रीने लावतो, हे त्यांनी २००४ मध्ये शोधनिबंधातून दाखवून दिलं.

सुतारकाम जेमतेम येणाऱ्यालाही तराफा बनवता येतो, त्यामुळे हे काम तज्ज्ञांपुरतं उरलं नाही. ईशान्य स्कॉटलंडमध्ये शेतकरी, मासेमारीवर देखरेख करणारे आणि हौशी गावकरी यांनी तराफे दत्तक घेतले. सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरच्या टापूत मिंकला मागं रेटलं. इंग्लंडच्या पूर्व भागात तराफ्यावरच्या पिंजऱ्याला इलेक्ट्रॉनिक यंत्र जोडलं गेलं. दार पडताच फोनवर संदेश येतो, त्यामुळे नुसती फेरी मारण्याचा त्रास वाचला आणि अडकलेल्या प्राण्याची तगमगही कमी झाली.

पकडलेला मिंक पुन्हा सोडणं बेकायदा आहे. त्याला मारावंच लागतं. हे वाचताना मन कचरतं, कचरायलाच हवं. मिंकने स्वतःहून समुद्र ओलांडला नव्हता, त्याला माणसाने आणलं, आणि ते कोटाच्या कॉलरसाठी. म्हणूनच त्याला मारणाऱ्यावर एक जबाबदारी येते: आधी खात्री, मग कृती, आणि गरजेपेक्षा एकही जीव जास्त नाही. तराफ्याने ही जबाबदारी पाळणं शक्य केलं. मिंक संपला असं वाटल्यावरही तराफे पाण्यातून काढून चालत नाही. मोजक्या उरलेल्या माद्यांपासून सगळं पुन्हा सुरू होऊ शकतं, आणि एखादी नदी मिंकमुक्त झाली हे सांगायला वर्षानुवर्षं नेमाने तपासलेली, ठसा न उमटलेली माती हाच पुरावा लागतो. वॉटर व्होलला नदी परत द्यायची, तर हा कंटाळवाणा पहारा कुणीतरी देत राहिला पाहिजे.